ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात आवाजाची समपातळी

गावातील वाचनालय, शाळा, भजनी मंडळ किंवा देवस्थान यांपैकी बहुतेकांपाशी आज गाण्यांचा काही ना काही संग्रह असतोच. एके काळी हा संग्रह कपाटात असे व त्यात तबकड्या असत. पुढे ध्वनिफिती आल्या. आता तो अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावतो. संग्रहात शिरलेली गाणी मात्र निरनिराळ्या वाटांनी आलेली असतात. एखादे नाट्यपद जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेले, एखादा ख्याल सीडीवरून घेतलेला, चित्रपटगीत इंटरनेटवरून आलेले, तर भजन कोणी उत्सवात मोबाइलवर मुद्रित केलेले. ही सारी एकामागून एक लावली की येणारा अनुभव ठरलेला आहे. नाट्यपद नीट ऐकू येत नाही म्हणून ध्वनिवर्धकाचे बटण वर करावे, तोच पुढचे चित्रपटगीत कानठळ्या बसवीत सुरू होते.

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हे बटण सांभाळण्याचे काम एखाद्या शिक्षकाकडे असते, जत्रेत ते मंडपवाल्याकडे जाते. तो जागेवर नसला म्हणजे बटण एकदाच कोठेतरी लावून ठेवले जाते. मोठ्या गाण्याला जुळेल असे लावले तर जुन्या गायकांची पदे ऐकूच येत नाहीत. लहान आवाजाच्या गाण्याला जुळेल असे लावले तर शेजारपाजारच्यांना त्रास होतो. व्यवहारात होते ते असे की, ऐकू न येणारी गाणी हळूहळू लावलीच जाईनाशी होतात. संग्रह शाबूत राहतो, पण त्याचा जुना व मोलाचा भाग मुका होतो. वास्तविक या अडचणीवर उपाय उपलब्ध आहे, तो विनामूल्य आहे, आणि तो योजण्यासाठी ध्वनिशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. फक्त आवाजाचे माप कसे घ्यावयाचे, एवढे समजून घेतले पाहिजे.

पुराची रेषा आणि नदीचे पाणी

संगणकात साठविलेल्या ध्वनीला एक छत असते. सीडीवर ध्वनीचा प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर मांडला जातो. सर्वांत वरच्या पायरीपलीकडे जागाच नसते. या छताला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याखालच्या पातळ्या उणे आकड्यांनी दाखवितात. ध्वनीची लाट छताच्या वर जाऊ लागली तर तिचा माथा सपाट छाटला जातो आणि आपल्याकडे ज्याला ‘आवाज फाटणे’ म्हणतात तो प्रकार घडतो.

प्रत्येक गाण्याचे सर्वांत उंच शिखर छतापर्यंत आणून ठेवले की सर्व गाणी समान होतील, असा अनेकांचा समज असतो. कित्येक संगणक-प्रणालींत तशी सोयही दिलेली असते. परंतु हा उपाय फसवा आहे. पुलाच्या खांबावरील पुराची रेषा नदीचे पाणी एके दिवशी कोठवर चढले होते ते सांगते. वर्षभरात नदीतून किती पाणी वाहिले ते सांगत नाही. गाण्याच्या शिखराचेही तसेच आहे. विलंबित ख्यालात तबल्याची एखादी जोरकस थाप छताला जाऊन भिडते आणि बाकीचे गायन त्याच्या पुष्कळ खाली चालू असते. आधुनिक चित्रपटगीतात जवळजवळ प्रत्येक क्षण छताला टेकलेला असतो. दोहोंची शिखरे सारखी, पण ऐकणाऱ्याला एक हळू व दुसरे कर्कश वाटते.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर हे माप हास्यास्पद ठरते. तबकडीवर ओरखडा असला की सुई त्यावरून जाताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुष्कळदा संपूर्ण मुद्रणातील उंच शिखर हेच असते. तेथे शिखर मोजणारा मनुष्य गायकाचा आवाज मोजीत नाही, ओरखडा मोजतो.

कानाचे गणित

आवाज किती मोठा आहे हे अखेरीस कान ठरवितो, आणि कानाचे गणित सरळ नाही. ध्वनीची शक्ती दुप्पट केली तर पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते, पण ऐकणाऱ्याला तो आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारणपणे १० डेसिबलची वाढ लागते. शिवाय सर्व स्वर कानाला सारखेच ऐकू येत नाहीत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांवरून असे दिसून आले की, खर्जातील ध्वनी ऐकू येण्यास पुष्कळ अधिक शक्ती लागते, तर दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातील ध्वनी कान चटकन टिपतो. तान्ह्या मुलाचे रडणे व शिट्टी गर्दीतही ऐकू येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून आवाजाचे खरे माप घ्यावयाचे असेल तर दोन गोष्टी हव्यात : कानाच्या आवडीनिवडीप्रमाणे स्वरांना कमीअधिक वजन देणे, आणि एका क्षणाऐवजी संपूर्ण गाण्याचा हिशेब करणे.

हा फरक आला कोठून?

भारतात गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी केले, तेव्हा गायकासमोर मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासारख्या नळकांड्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. गायकाच्या आवाजाच्या कंपनांनीच सुई हलून मेणावर रेघ उमटत असे. विजेच्या साहाय्याने होणारे मुद्रण १९२५ पासून प्रचारात आले आणि हळुवार गाणेही टिपता येऊ लागले. तरीही ७८ फेऱ्यांच्या तबकडीला तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा आणि पृष्ठभागाची खरखर कायम राहिली. फोंडा तालुक्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. आंतरतारकीय अवकाशात पोहोचलेला तो स्वर गावच्या मंडपात मात्र आधीच्या गाण्याच्या गोंगाटापुढे दबून जावा, हे काही योग्य नव्हे.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हा हळू व मोठ्या आवाजांमधील अंतर राखण्यास पूर्वी कधी नव्हता एवढा वाव मिळाला. या सोयीचा उपयोग नेमका उलट झाला. दोन गाणी लागोपाठ ऐकली तर किंचित मोठे असलेले गाणे श्रोत्याला अधिक चांगले वाटते, हे ध्वनिमुद्रण-व्यवसायाला पूर्वीपासून ठाऊक होते. १९९० नंतर प्रत्येकजण आपले गाणे दुसऱ्याच्या गाण्याहून मोठे करू लागला. छत तर हलत नाही. मग गाण्यातील उंच शिखरे दाबावयाची आणि बाकीचा भाग उचलून छताला टेकवावयाचा. पाश्चात्त्य देशांत या चढाओढीला आवाजाचे युद्ध असेच नाव पडले. २००८ मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही सीडी निघाली, तेव्हा तीच गाणी ‘गिटार हिरो’ या संगणकीय खेळात कमी दाबलेली व अधिक स्वच्छ ऐकू येतात, अशी तक्रार खुद्द चाहत्यांनीच केली. हिंदी व मराठी चित्रपटसंगीतही या चढाओढीपासून अलिप्त राहिले नाही. वाचनालयाच्या संग्रहातील १९५० च्या सुमाराचे भावगीत आणि २०१० नंतरचे चित्रपटगीत यांच्या पातळीत दहा-बारा डेसिबलचे अंतर आढळले तर नवल वाटावयास नको. कानाच्या हिशेबाने हे अंतर दुपटीहून अधिक होते.

मापनाच्या दोन पद्धती

वैयक्तिक संग्रहासाठी या प्रश्नाचा पद्धतशीर विचार डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये मांडला. त्यांच्या योजनेचे नाव ‘रीप्लेगेन’. संगणकाने गाणे आरंभापासून अखेरपर्यंत तपासावे, कानाच्या संवेदनेप्रमाणे स्वरांना वजन द्यावे, गाण्याचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाची शक्ती मोजावी आणि त्यावरून गाणे किती मोठे वाटेल ते ठरवावे, असे तिचे स्वरूप आहे. मग ठरलेल्या पातळीपेक्षा ते किती डेसिबल वर किंवा खाली आहे, तो आकडा फाइलीतील टॅगमध्ये लिहून ठेवावयाचा. गाण्याचे नाव, गायकाचे नाव ही माहिती जेथे असते तेथेच हा आकडाही राहतो. गाणे वाजविणारी प्रणाली तो वाचते आणि त्या मानाने आवाज आपोआप कमीजास्त करते. मूळ ध्वनीच्या एकाही नमुन्याला धक्का लागत नाही. या योजनेतील खरी शहाणपणाची गोष्ट हीच होय.

दुसरी पद्धत नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी निघाली. कार्यक्रम चालू असताना मधेच जाहिरात कर्कशपणे सुरू होते, ही तक्रार जगभर होती. भारतातही केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील जाहिरात संहितेत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे म्हटले आहे. पण ‘अवाजवी’ म्हणजे किती, हे मोजावयाचे कसे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये त्यासाठी मापनाची रीत निश्चित केली. युरोपीय प्रसारण संघाने तिच्या आधारे २०१० मध्ये कार्यक्रमांची सरासरी पातळी उणे २३ असावी अशी शिफारस केली. या मापाच्या एककाला एलयूएफएस म्हणतात. त्यातील एक घर म्हणजे एक डेसिबलच. अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाबाबत २०१० मध्ये कायदा झाला व डिसेंबर २०१२ पासून तो अमलात आला.

या रीतीत एक बारकावा आहे, तो भाषणे व शास्त्रीय संगीत यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ध्वनीचे ०.४ सेकंदाचे तुकडे पाडून सरासरी काढली जाते. परंतु अगदी निःशब्द तुकडे, तसेच एकंदर पातळीपेक्षा दहा घरांहून अधिक खाली असलेले तुकडे हिशेबातून वगळले जातात. असे न केले तर वक्त्याच्या प्रत्येक विरामामुळे सरासरी घसरेल, आणि यंत्र त्याचे भाषण उगाच हळू समजून मोठे करील.

गाणी ऐकविणाऱ्या आजच्या सेवाही याच मापाचा आधार घेतात. स्पॉटिफाय साधारणपणे उणे १४ ही पातळी धरते. यूट्यूबवरही मोठी गाणी याच सुमाराला खाली आणली जातात, पण हळू गाणी वर उचलली जात नाहीत. दाबून मोठे केलेल्या गाण्याला तेथे काहीच लाभ उरलेला नाही. शिखरे छाटलेले ते गाणे समान पातळीला आणल्यावर उलट बसके वाटते.

उदाहरणाने स्पष्टीकरण

समजा, संग्रहासाठी उणे १८ ही पातळी निश्चित केली. रीप्लेगेनच्या नव्या आवृत्तीत हीच पातळी धरलेली आहे. एक चित्रपटगीत मोजले असता उणे ८ भरले. त्यासाठी टॅगमध्ये ‘उणे १०’ असे लिहिले जाईल आणि वाजताना ते १० डेसिबलने उतरेल. एक नाट्यपद उणे २२ भरले. त्याला ४ डेसिबलची उचल हवी. परंतु त्याचे शिखर उणे ३ वर असेल तर ४ डेसिबल उचलताच ते छताच्या वर जाऊन आवाज फाटेल. अशा वेळी चांगली प्रणाली ३ डेसिबलवरच थांबते. एका डेसिबलचा फरक मंडपात कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. समानता आणावयाची ती मुख्यतः मोठ्यांना खाली आणून. लहानांना ओढून छताशी नेले की एक तर आवाज फाटतो, नाही तर शिखरे दाबावी लागतात. शिवाय जुन्या मुद्रणातील खरखरही गाण्याबरोबर वर येते. सर्व काही खाली आल्यामुळे एकंदर आवाज कमी वाटला तर त्यासाठी ध्वनिवर्धकाचे बटण आहेच. ते एकदा वर करावे. मग पुन्हा पुन्हा हात लावावा लागत नाही.

टॅगमध्ये दोन आकडे लिहिता येतात : एक प्रत्येक गाण्याचा स्वतंत्र, दुसरा संपूर्ण संचाचा मिळून. हा भेद न समजल्यास मोठीच गफलत होते. एखाद्या मैफलीचे मुद्रण पाच फाइलींत असेल, तर पहिल्या फाइलीतील आलाप शांत आणि शेवटच्या फाइलीतील द्रुत जोरकस असणे हा कलाकाराचाच हेतू असतो. तेथे प्रत्येक फाइलीला स्वतंत्र आकडा लावला तर आलाप व द्रुत एकाच पातळीवर येतील आणि चढत गेलेली मैफल सपाट होईल. अशा मुद्रणाला संचाचा आकडा वापरावा. नाटकाच्या अंकांनाही हाच नियम लागू. निरनिराळ्या ठिकाणची सुटी गाणी एकत्र लावावयाची असतील तेव्हा मात्र स्वतंत्र आकडाच योग्य.

शाळेत व वाचनालयात

संगणकावर गाणी वाजविली जात असतील तर काम सोपे आहे. फूबार२००० ही विनामूल्य प्रणाली सबंध संग्रह एका वेळी मोजून टॅग लिहिते व वाजविताना ते वाचतेही. व्हीएलसी या सर्वपरिचित प्रणालीतही टॅग वाचण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

खरी अडचण ध्वनिवर्धकाची आहे. ज्या ॲम्प्लिफायरला थेट पेन ड्राइव्ह लावला जातो, त्यांतील बहुतेक हे टॅग वाचीतच नाहीत. तेथे पातळी बदललेली वेगळी प्रत तयार करण्यावाचून गत्यंतर नाही. एमपी३ प्रकारच्या फाइलींसाठी ‘एमपी३गेन’ ही जुनी, लहानशी प्रणाली आजही उपयोगी पडते. ती फाइल उलगडून पुन्हा बांधीत नाही. फाइलीच्या प्रत्येक तुकड्यात आवाजाचा जो आकडा असतो तोच १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलते, त्यामुळे ध्वनीचा दर्जा घटत नाही व बदल मागेही घेता येतो. इतर प्रकारच्या फाइलींसाठी ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत आवाजाची पातळी समान करण्याची आज्ञा आहे. तीत उणे १८ हा आकडा भरून नवी प्रत काढावी. तत्पूर्वी मूळ संग्रह वेगळ्या डिस्कवर सुरक्षित ठेवावा आणि त्यावर कोणताही प्रयोग करू नये. एमपी३ फाइल वारंवार उघडून पुन्हा एमपी३ म्हणून साठविली तर दर वेळी काही अंश गमावला जातो. जुन्या तबकडीचे गावातील एकमेव मुद्रण अशा हौसेपायी बिघडले, तर ते परत मिळविण्याचा मार्ग नाही.

काही ॲम्प्लिफायरवर आणि दूरचित्रवाणी संचांवर पातळी आपोआप सांभाळणारी कळ असते. घोषणांसाठी ती ठीक. गाण्याला ती लावू नये, कारण गायक थांबला की यंत्र तानपुऱ्यालाच वर उचलते आणि गायक पुन्हा गाऊ लागताच त्याला खाली ढकलते. आवाज धापा टाकीत असल्यासारखा वाटतो.

यंत्राच्या मापावर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. मोजणी संपूर्ण ध्वनीची होते, पण झाडावर किंवा देवळाच्या सभामंडपावर बांधलेल्या कर्ण्यातून खर्जातील स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. ढोलाच्या ठेक्यावर उभे असलेले गाणे मोजमापात मोठे भरले तरी कर्ण्यातून हळूच वाटेल. म्हणून प्रत तयार झाल्यावर जुने पद, नवे गाणे, भजन व भाषण अशा चारपाच फाइली ज्या ठिकाणी वाजवावयाच्या तेथेच लावून पाहाव्यात आणि कोठे खटकल्यास त्या फाइलीची पातळी दोन-तीन डेसिबलने बदलावी.

समपातळी साधली म्हणजे आवाज मर्यादेत आला, असे मात्र नव्हे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाच्या वापरावर निर्बंध आहेत. हे डेसिबल हवेतील आवाजाचे. संगणकातील उणे आकड्यांशी त्यांची गल्लत करू नये. कानाला यंत्र लावून ऐकणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असे प्रमाण सुचविले. मुलांसाठी ते ७५ डेसिबल आहे. विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधील गाणीही एका पातळीवर आणून दिली, तर हळू गाण्यासाठी वाढविलेला आवाज पुढच्या मोठ्या गाण्यालाही तसाच राहण्याचा प्रकार टळतो. शाळेच्या संगणकावर एका दुपारी शंभरदीडशे गाण्यांचे हे काम सहज होते.